स्तनाचा कर्करोग : जसा प्रकार, तसे औषध



स्तनाचा कर्करोग हे नाव एकच असले, तरी त्या नावाखाली भिन्न स्वभावाचे रोग मोडतात. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर एका भगिनीस केवळ गोळ्या दिल्या जातात, तर दुसरीस केमोथेरपी घ्यावी लागते. यात डॉक्टरांचा दुजाभाव नसतो. गाठीचा तुकडा तपासून पेशींवर कोणते रिसेप्टर आहेत हे पाहिले जाते आणि रोगाची अवस्था लक्षात घेऊन औषध ठरते.

पहिला प्रकार स्त्री-संप्रेरकांवर पोसला जातो. त्यावर टॅमॉक्सिफेन, तसेच पाळी बंद झालेल्या स्त्रियांसाठी लेट्रोझोल या गोळ्या उपयोगी पडतात. टॅमॉक्सिफेन ५ वर्षे घेतल्यास पहिल्या १५ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. बरे वाटते म्हणून गोळी परस्पर थांबविणे, हे त्यामुळेच घातक ठरते.

दुसऱ्या प्रकारात हर-२ हे प्रथिन वाढलेले असते. त्यावरील ट्रॅस्टुझुमॅब या इंजेक्शनास अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. २०१४ पासून भारतीय बनावटीचे औषध मिळू लागले. तपासणीत हर-२ चा निकाल 'दोन अधिक' आल्यास तो संदिग्ध समजावा आणि फिश ही पुढील चाचणी करून घ्यावी.

तिसरा 'ट्रिपल निगेटिव्ह'. संप्रेरकांच्या गोळ्या येथे निरुपयोगी ठरतात. मुख्य आधार केमोथेरपीचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१० ते २०२० या काळात सुमारे ७२० स्त्रियांचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोथेरपीत कार्बोप्लॅटिन हे जुने, स्वस्त औषध जोडल्याने पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांत ५ वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६६ वरून ७७ टक्क्यांवर गेले. पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र असा लाभ दिसला नाही. एकाच प्रकारातही वयानुसार उत्तर बदलते ते असे.

सिंधुदुर्गनगरीहून रुग्ण बांबोळी, कोल्हापूर वा मुंबई गाठतात. जाताना बायोप्सीचा अहवाल, रिसेप्टरचा अहवाल आणि मेणातील ब्लॉक सोबत न्यावा; फेरतपासणीसाठी तोच कामी येतो. शेजारणीस लागू पडलेले औषध आपल्या घरी मागू नये. अहवालात तिन्ही रिसेप्टरांची नोंद आहे ना, हे मात्र डॉक्टरांना अवश्य विचारावे.