सुईदोरा आणि दुरुस्तीचा हक्क
(अभ्यासवर्गातील भाषण)



कॉल सेंटरमध्ये दिवसभर कानाला हेडफोन लावून बसणारा तरुण हाही कामगारच आहे. त्या हेडफोनची कृत्रिम चामड्याची गादी बहुधा प्रथम झिजते. घाम व दमटपणा यांमुळे तिच्यावरील पॉलियुरेथेनचा थर सोलवटतो. यंत्र मात्र शाबूत असते. तरीही सबंध वस्तू फेकावी, असा बाजाराचा आग्रह!

उपाय घरातच आहे. स्पंजाच्या जाडीचा व शिलाईचा हिशेब धरून सुती कापडाच्या दोन गोल कड्या कापाव्यात. उलट बाजूने बाहेरची कड शिवावी, सुलट करून जुना स्पंज भरावा, आतली कड हाताने मिटवावी. मागे इलॅस्टिक ओवलेली पट्टी जोडली की गादी खाचेवर बसते. खर्जाचे स्वर किंचित क्षीण होतात, इतकेच.

परंतु सुईदोऱ्याने व्यवस्था बदलत नाही. १९२४ साली ‘फीबस’ संघातील दिवे-उत्पादकांनी दिव्याचे आयुष्य १००० तासांवर बांधले होते. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. त्याच्या यादीत हेडफोन नव्हते. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली. सुटे भाग रास्त दरात देणे उत्पादकांवर कायद्याने बंधनकारक व्हावे, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.