ट्राउटच्या नदीवर जायचंय? आधी कॅलेंडर काढा!

गळ टाकायचा नाद असलेल्या कल्याण-डोंबिवलीकरांचा एक प्रश्न सारखा येतो, सामन आणि ट्राउट पकडायला कुठे जायचं? आजचा भाग त्यावरच.

आधी सामनचं बघू. खरा सामन आपल्या देशातल्या नद्यांत नाही. बाजारात ‘इंडियन सामन’ म्हणून मिळतो तो आपला रावस, त्याचं कूळच वेगळं. ट्राउट मात्र आहे. इंग्रजांच्या काळात तो हिमालयात आणून सोडला आणि तिथल्या गार पाण्यात तो रुजला. म्हणून मी सुचवेन हिमाचलमधली तीर्थन नदी.

आता तारखा. आपण सुट्ट्या बघून बेत करतो, दिवाळी नाहीतर मे महिना. इथे दोन्ही नडतात. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, गढूळ होते. आणि दिवाळी नोव्हेंबरात आली की संपलंच, कारण १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउट पकडायला बंदी असते.

बंदी का? आपल्याकडची वलगण आठवा. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्या-शेतांत चढतात आणि आपण नेमके तेव्हाच टोपल्या भरतो. गाबोळीचा मासा चवीला भारी, पण त्याच्याबरोबर पुढची पिढीही कालवणात जाते. ट्राउटची वलगण हिवाळ्यात असते. नदीच्या तळाशी खडीत खड्डा करून मादी अंडी घालते. त्या दिवसांत नदीला हात लावत नाहीत, म्हणून तर आपल्याला तिथे मासा मिळतो. ‘एखाददुसरा धरला तर काय होतं’ म्हणणारा सोबती असेल तर त्याला घरीच ठेवा, बरं का!

मग जायचं कधी? मार्च-एप्रिल, किंवा पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मुलांच्या परीक्षा सांभाळायच्या तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीलाच तिकीट काढायचं. कल्याणहून पंजाब मेलने दिल्ली, तिथून मनालीकडची बस, मंडीच्या पुढे औटला उतरायचं. मग बंजारमार्गे गुशैणी. जाण्यायेण्यातच चार-पाच दिवस जातात, तेव्हा रजा नऊ दिवसांची तरी टाका.

हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो, तो आधी काढा. राहण्याच्या ठिकाणी फोन करून पाण्याचा रंग विचारा. वर पाऊस झाला असेल तर एक दिवस हातचा ठेवा.

सामानात हलका रॉड, छोटे स्पिनर आणि एक पकड. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे मासा सोडताना जबडा फाटत नाही. माशाला ओल्या हातानेच धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे दगावतो.

तारखा ठरल्या की कळवा. पुढच्या भागात रॉड आणि रील, कमी खर्चात काय घ्यायचं ते बोलू. तोवर, रामराम!