मानेंतल्या धमनीचें फाटलेलें अस्तर

जुना कोट घाईघाईनें अंगांत घालतांना कित्येकांस एक अनुभव आलेला असतो. बाहीचें अस्तर खांद्याजवळ उसवलेलें असतें. हात बाहींत जाण्याऐवजीं अस्तर आणि कापड यांच्या मधल्या पोकळींत शिरतो, आणि तो जसजसा पुढें रेटावा तसतसें अस्तर अधिकच उसवून खरी बाही चेपून बंद होते. कोटाच्या बाबतींत ही गोष्ट हंसण्यावारी नेतां येते. परंतु हाच प्रकार शरीरांतील सर्वांत मोठ्या रक्तवाहिनींत घडला तर तो प्राणावर बेततो. आणि तेथून वर मानेंत पोंचला तर मेंदूवर बेततो. या दुसऱ्या संकटाचा, आणि त्यावर योजिल्या जाणाऱ्या एका नाजुक उपायाचा आज विचार करावयाचा आहे.

हृदयांतून निघणारी महाधमनी प्रथम वर चढते, मग छातींत कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत खालीं उतरते. तिच्या भिंतीस तीन थर असतात. आंतला अस्तरासारखा गुळगुळीत, मधला जाड व लवचिक, आणि बाहेरचा चिवट. वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबानें, किंवा मार्फान या फ्रेंच वैद्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या विकारासारख्या जन्मजात दौर्बल्यानें मधला थर दुबळा झाला, कीं एखाद्या दिवशीं आंतल्या थरास चीर पडते. मग हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्त त्या फटींत घुसतें, थर एकमेकांपासून सुटत जातात, आणि एका वाहिनींत दोन वाटा होतात. एक खरी व एक खोटी. यासच महाधमनीचें विदारण म्हणतात.

इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २५ तारखेस सकाळीं अकस्मात् कोसळून मरण पावला. राजवैद्य फ्रँक निकोल्स यानें शव उघडून पाहिलें, तेव्हां हृदयाभोंवतालची पिशवी रक्तानें भरलेली व महाधमनीचा आंतला थर चिरलेला आढळला. रोगाचें कारण असें डोळ्यांस दिसलें. परंतु त्यावर इलाज सांपडावयास पुढें जवळ जवळ दोनशें वर्षे लागलीं.

तो इलाज ज्यांनीं शोधला त्यांत अमेरिकेंतील ह्यूस्टन शहराचे शस्त्रवैद्य मायकेल डिबेकी हे अग्रेसर होते. लहानपणीं आईनें त्यांस शिवणकाम शिकविलें होतें. डेक्रॉन नांवाचें कृत्रिम धाग्याचें कापड आणून त्यांनीं घरच्या शिवणयंत्रावर स्वतः नळ्या शिवल्या आणि रोगट धमनीच्या जागीं तशा नळ्या बसविण्याचा मार्ग खुला केला. विदारण पावलेल्या महाधमनीवरील यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनीं १९५४ सालीं केली. आज हृदयालगतचा भाग फाटला असेल तर तो कापून कापडी नळी बसविणें हाच मुख्य उपाय आहे, आणि त्यांत एकेक तास मोलाचा असतो. उपचारावांचून पहिल्या दोन दिवसांत दर तासास शेंकडा एक ते दोन रुग्ण दगावतात, असें वैद्यकाच्या ग्रंथांत दीर्घकाळ शिकविलें जात असे. अलीकडच्या नोंदींत हें प्रमाण त्याहून कमी दिसतें, तरी वेळ दवडण्याजोगें तें खचित नाहीं.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणासहि वाटेल कीं, फाटका भाग बदलला म्हणजे कार्य संपलें. घरची मंडळीहि शस्त्रक्रियागृहाबाहेर हाच एक शब्द ऐकण्यास आतुर असतात. परंतु महाधमनीच्या कमानींतूनच मेंदूकडे जाणाऱ्या कॅरॉटिड धमन्यांचा उगम होतो. डावी थेट कमानींतून निघते, तर उजवी, उजव्या हाताच्या धमनीशीं सामाईक असलेल्या एका आंखूड फांदींतून. 'कॅरॉटिड' हा शब्द मूर्च्छा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे, कारण या धमन्या दाबल्या असतां माणूस बेशुद्ध होतो हें प्राचीनांस ठाऊक होतें. मेंदूचें वजन शरीराच्या शेंकडा २ इतकेंच. पण हृदयानें फेंकलेल्या रक्ताचा सुमारें शेंकडा १५ भाग त्यास लागतो. खांद्याशीं उसवलेलें अस्तर जसें बाहीभर उसवत जातें, तशी महाधमनीची चीर कित्येकदां या धमन्यांत चढते. आणि छातींतला भाग बदलला तरी मानेंतलें फाटलेलें अस्तर तेथेंच लोंबत राहूं शकतें. अशा वेळीं हृदय वांचतें, पण खरी वाट चेपल्यामुळें मेंदूचा एक भाग उपाशी राहतो.

या चेपलेल्या वाटेस आंतून आधार देण्यासाठीं स्टेंट वापरतात. स्टेंट म्हणजे धातूच्या बारीक जाळीची नळी. हृदयाच्या धमन्यांत ती प्रथम १९८६ सालीं फ्रान्स व स्वित्झर्लंड या देशांत बसविण्यांत आली. मानेसाठीं बहुधा निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची जाळी घेतात. ती मिटवून एका बारीक नळींत भरतां येते आणि नळींतून सुटतांच आपला मूळचा आकार धरते. मान वळली, वांकली तरी ती चेपून राहत नाहीं. जांघेंतील धमनींतून, आणि तो मार्ग बिकट असल्यास मानेलाच लहानसा छेद घेऊन, प्रथम एक तार पुढें सरकवितात व तिच्यावरून ही जाळी नेऊन सोडतात. ती उघडली म्हणजे सुटलेलें अस्तर भिंतीस चिकटून बसतें व खरी वाट मोकळी होते.

वर्णन सोपें, काम कठीण. सारा भार त्या तारेवर आहे. ती खऱ्या वाटेनें न जातां खोट्या वाटेंत शिरली आणि जाळी तेथें उघडली, तर खरी वाट अगदींच चिरडली जाईल. म्हणून जाळी सोडण्यापूर्वीं तार कोणत्या वाटेंत आहे याची क्ष-किरणांच्या चित्रांनीं आणि ध्वनिलहरींच्या साहाय्यानें पुनःपुन्हा खात्री करून घेतात. हात अस्तरांत गेला आहे कीं बाहींत, हें कोट ओढण्यापूर्वींच पाहावें लागतें!

दुसरी अडचण औषधांची. धातूच्या जाळीवर रक्त गोठूं नये म्हणून रक्तकणिका एकत्र चिकटूं न देणारीं, बहुधा दोन, औषधें द्यावीं लागतात. पण ज्याची छाती नुकतीच उघडून शिवली आहे त्यास तींच औषधें दिलीं तर टांक्यांतून रक्तस्राव होण्याची भीति. तिसरी अडचण वेळेची. मेंदूचा मोठा भाग आधींच मृत झाला असेल, तर एकदम जोरानें सोडलेलें रक्त त्यांत फुटून अधिक अपाय करूं शकतें. म्हणजे उशीर घातक, आणि फार उशीरानें केलेली घाईहि घातक.

म्हणूनच फाटलेलें अस्तर दिसलें कीं स्टेंट घाल, असा नियम नाहीं. मेंदूच्या तळाशीं धमन्यांचें एक कडें असतें. थॉमस विलिस यानें १६६४ सालीं त्याचें वर्णन केलें. एका बाजूची वाट अरुंद झाली तर तें कडें कित्येकांच्या बाबतींत दुसऱ्या बाजूचें रक्त पुरवितें. अशा रुग्णास कांहींच लक्षणें नसतील, तर रक्तदाब ताब्यांत ठेवून ठराविक काळानें चित्रें काढीत पाहत राहणें हेंच पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें. स्टेंटचा विचार मुख्यतः मेंदूस रक्त अपुरें पडत असल्याचीं चिन्हें दिसतात तेव्हां होतो. या उपायाचा अनुभव लहान लहान रुग्णसमूहांवर आधारलेला आहे. म्हणून प्रत्येक रुग्णाचा निर्णय हृदयाचे शस्त्रवैद्य, मेंदूचे वैद्य आणि जाळी बसविणारे तज्ज्ञ यांनीं एकत्र बसून करावयाचा असतो.

मग घरच्या माणसांच्या हातीं काय? पुष्कळ कांहीं. रुग्ण घरीं परतल्यावर त्याचें तोंड एकाएकीं वांकडें झालें, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणें अडखळलें, एका डोळ्यापुढें अंधारी आली, अथवा मानेच्या एका बाजूस नवी वेदना होऊन त्याच बाजूची पापणी खालीं झुकली, तर घटकाभर निजूं द्यावें, सकाळीं पाहूं, असें म्हणूं नये. लक्षण दहा मिनिटांत नाहींसें झालें तरीहि म्हणूं नये. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते. रक्तदाबाचीं औषधें बरें वाटूं लागलें म्हणून सोडूं नयेत. आणि स्टेंटनंतरचीं औषधें शेजाऱ्याच्या सल्ल्यानें किंवा दांत काढावयाचा आहे एवढ्या कारणानें, वैद्यास विचारल्यावांचून, एक दिवसहि बंद करूं नयेत.

२००५ सालच्या अखेरच्या दिवशीं स्वतः डिबेकी यांस महाधमनीच्या विदारणानें गांठलें. या रोगाचें ज्ञान त्यांच्याइतकें क्वचितच कोणास असेल. पण वय ९७, म्हणून आरंभीं त्यांनींच शस्त्रक्रिया नाकारली. पुढें ते बेशुद्धावस्थेंत गेले, वैद्य द्विधा मनःस्थितींत पडले, आणि अखेर पत्नीच्या आग्रहानें २००६ सालच्या फेब्रुवारींत शस्त्रक्रिया झाली. ते बरे होऊन पुन्हा कामावर गेले व २००८ सालच्या जुलैंत, ९९ व्या वर्षीं, निवर्तले. ज्यानें जन्मभर इतरांच्या धमन्या शिवल्या, त्याच्याहि बिछान्याशीं वेळ ओळखून बोलणारें घरचें माणूस असावें लागलें. फाटलेलें अस्तर सांधणें हें वैद्यांचें काम. परंतु त्यांस तें वेळेवर करूं देणें, हें घराचें काम आहे.