शके १५११ : मशिदीतला एक लेख वाचताना

(भाषणाचे शब्दांकन)



साहित्याच्या प्राध्यापिकेला बोलायला बोलावले की ती एखाद्या कवीवर किंवा कादंबरीवर बोलेल, अशी अपेक्षा असते. माझा प्रबंधही संतसाहित्यावरचा आहे. पण आज मी ज्या मजकुराविषयी बोलणार आहे तो भिंतीवर कोरलेला आहे. आमच्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत तो आहे. संस्कृतात आहे. आणि वीस-बावीस वर्षे त्या मशिदीवरून रोज कॉलेजात जाऊनही मी तो वाचला नव्हता, ही कबुली सुरुवातीलाच देते.

आपल्यापैकी जे बऱ्हाणपूरला आलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. तापीच्या काठी फारुकी सुलतान नासिर खानाने हे गाव वसवले आणि बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव त्याला दिले. त्या संताची कबर खुलताबादला आहे. म्हणजे गाव आज मध्य प्रदेशात असले तरी त्याच्या नावातच मराठवाड्याचा पत्ता आहे. जुन्या खानदेशाची ही राजधानी. आजही आमच्याकडे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि यंत्रमागाच्या खटखटाटात उर्दू, असा दिवस जातो. जामा मशीद भर बाजारात आहे. काळ्या दगडाची, पंधरा कमानींची, दोन उंच मिनारांची. घुमट मात्र नाही. तिच्या आत, उत्तरेच्या टोकाकडे, अरबी मजकुराखाली हा संस्कृत लेख आहे.

'आमच्या मशिदीत संस्कृत लेख आहे' हे वाक्य आम्ही बऱ्हाणपूरकर पाहुण्यांना फार अभिमानाने सांगतो. त्यात काय लिहिले आहे, हे मात्र कोणी विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही. मीही त्यातलीच.

ही सवय मोडली ती २०२० साली. टाळेबंदीचे दिवस होते, वर्ग फोनवर चालत. जुलैमध्ये इस्तंबूलच्या आयासोफियाची बातमी आली. तिथल्या संग्रहालयात पुन्हा नमाज सुरू होणार होती. वर्ग संपता संपता एका मुलाने विचारले, "मॅडम, आयासोफिया आधी चर्च होतं. मग आपल्या मशिदीत संस्कृत आहे, म्हणजे ती आधी मंदिर असणार ना?"

मुलगा हुशार होता, प्रश्नात खोडसाळपणा नव्हता. पण त्या वर्गात मोमीनपुऱ्यातल्या दोन मुलीही होत्या. एरवी शेवटपर्यंत थांबणाऱ्या त्या दोघींची नावे पडद्यावरून नाहीशी झाली. आणि मी काय म्हटले? "तो आपला विषय नाही." तास संपवला.

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. भिंतीवर भाषा आहे, मी भाषेची प्राध्यापिका आहे, आणि म्हणते की हा आपला विषय नाही! ज्या मुलाने विचारले त्याला उत्तर मिळाले नाही. ज्या मुली निघून गेल्या त्यांनाही मिळाले नाही. उत्तर न देण्याने दोघांच्या मनात आपापले उत्तर पक्के झाले असणार.

म्हणून मी आधी आयासोफियाकडेच वळले. तिचा इतिहास स्पष्ट आहे. सम्राट जस्टिनियनच्या काळात, इ. स. ५३७ मध्ये ते चर्च म्हणून पूर्ण झाले. १४५३ मध्ये उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमतने शहर जिंकले आणि चर्चची मशीद झाली. १९३४ च्या निर्णयाने तिचे संग्रहालय झाले आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद. यातले काहीही लपलेले नाही. लपवता येण्यासारखेही नाही, कारण इमारतच ते सांगते. चर्चचा गाभारा पूर्वेकडे तोंड करून बांधलेला. मक्केची दिशा तिथून आग्नेयेला. त्यामुळे नंतर बसवलेला मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, गाभाऱ्याच्या मध्यरेषेवर न येता थोडा बाजूला सरकलेला आहे. ज्याला दिशा कळते त्याला इतिहास कळतो.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत, आणि ती सांगताना अडखळण्याचे कारण नाही. दौलताबादच्या किल्ल्यावर कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळातली, १३१८ ची मशीद आहे. तिचे खांब जुन्या मंदिरांचे आहेत, हे पाहताक्षणी कळते. हैदराबाद संस्थानावरच्या १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्याच वास्तूत भारतमातेची मूर्ती बसली. आज पाटीवर भारतमाता मंदिर आहे. मंदिराचे खांब मशिदीत, आणि मशिदीत मंदिर. तिथे खांब बोलतात.

मग बऱ्हाणपूरला काय बोलते? तिथे मजकूर बोलतो. फक्त वाचला पाहिजे.

हा लेख रायबहादूर हिरालाल यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वाचून 'एपिग्राफिया इंडिका'च्या नवव्या खंडात छापला आहे. मी तो मिळवला आणि वहीत उतरवून घेतला. सुरुवात आहे सृष्टिकर्त्याला नमस्काराने. त्यानंतरच्या श्लोकात ईश्वराला जी विशेषणे लावली आहेत ती अशी: तो अव्यक्त आहे, सर्वव्यापी आहे, नित्य आहे, गुणांच्या पलीकडचा आहे, जे व्यक्त आहे त्याचे कारण आहे. आपल्या कोणत्याही वेदान्ती ग्रंथाच्या मंगलाचरणात शोभेल अशी ही भाषा. पण बारकाईने पाहा, कोणत्याही देवतेचे नाव नाही, रूप नाही, आयुध नाही, वाहन नाही. निवडलेला शब्द आहे सृष्टिकर्ता. मौलवीला 'खालिक' म्हणताना जे म्हणायचे असते तेच. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या भांडारातून नेमके तेच शब्द उचलले आहेत जे शास्त्र्यालाही खटकणार नाहीत आणि मौलवीलाही. ही निवड सहज होत नाही. आपण भाषांतर करणारी माणसे आहोत. एका शब्दासाठी किती दिवस जातात, हे आपल्याला ठाऊक आहे.

पुढे फारुकी घराण्याची वंशावळ येते, राजा मलिकपासून. शेवटी मुबारकशाहाचा पुत्र एदलशाह. हा आदिलशाह, म्हणजेच राजा अली खान. संस्कृतात तो 'एदल' झाला. आणि या राजाने काय बांधले, तर 'मसीति'. हा शब्द पाहून मी थबकले. देवालय नाही, प्रार्थनामंदिर नाही. लोकांच्या तोंडी जो 'मसीत' शब्द होता त्यालाच ऱ्हस्व इकार देऊन, स्त्रीलिंगी करून संस्कृतात बसवले आहे. आणि बांधली कशासाठी? 'स्वधर्मपालनासाठी'. स्वधर्म हा गीतेमुळे आपल्या कानात बसलेला शब्द. इथे तो मुसलमान राजाच्या धर्माला लावला आहे.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. हा दगड जुन्या मंदिरातून आलेला नाही. मशीद बांधल्याची नोंद करण्यासाठीच तो कोरला आहे. मंदिराची खूण म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले गेले, तो मशिदीचा जन्मदाखला निघाला.

आता तारीख. माझ्या मते लेखातला सर्वांत सुंदर भाग तोच. विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष महिना, शुक्ल पक्ष, सोमवार. शिवाय तिथी, नक्षत्र, योग, करण, घटका आणि लग्न. आपल्या हिशेबाने ५ जानेवारी १५९०. पंचांगाची पाचही अंगे मशिदीच्या भिंतीवर. पण एक गोष्ट हिशेब करताना लक्षात आली. आपल्याकडे संवत्सर काढायची सोपी रीत आहे: शकात बारा मिळवायचे, साठाने भागायचे, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. १५११ अधिक १२, १५२३. साठाने भागले की बाकी २३. प्रभवापासून मोजले तर तेविसावा संवत्सर विरोधी. जुळला! ही दक्षिणेकडची गणना आहे. उत्तरेची गणना वेगळी पडते. म्हणजे वर्ष उत्तरेच्या संवतातही दिले आहे आणि आपल्या शकातही. संवत्सराचे नाव मात्र आपल्या रीतीचे. त्या भिंतीवर मराठीचे अक्षर नाही. पण काळ मोजण्याची रीत तापीच्या दक्षिणेची आहे.

कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर मी वर्गाला मशिदीत घेऊन गेले. आधी विश्वस्त मंडळींना विचारले. त्यांनी नमाजाच्या वेळा टाळून यायला सांगितले. त्या दोन मुली आल्या, तो मुलगाही आला. मी काही सांगितले नाही, मजकुराच्या प्रती वाटल्या. देवनागरीतला मजकूर एकाने मोठ्याने वाचायचा, वरचा अरबी त्या मुलींनी. संवत्सराचे गणित मी त्या मुलाला दिले. त्याने मोबाइल काढला, मग खिशात ठेवला आणि वहीवर भागाकार केला. तेवीस आले तेव्हा "जुळतंय मॅडम!" म्हणून तो एवढ्या जोरात ओरडला की आत बसलेल्या एका वृद्धांनी वळून पाहिले आणि ते हसले.

मग मी विचारले, हा लेख कुणासाठी? नमाजाला येणाऱ्यांपैकी किती जणांना संस्कृत येत असेल? आणि ज्यांना येत होते ते नमाजाला कशाला येतील? एक म्हणाला, राजाचा दिमाख. दुसरा म्हणाला, हिंदू प्रजा खूश राहावी म्हणून. मोमीनपुऱ्यातली मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे घर बांधायला घेतलं तेव्हा अब्बांनी शेजारच्या जोशीकाकांना दिवस विचारला होता. तसंच असेल. राजाने गावातल्या जोशाला विचारलं असेल, आणि त्याने नीट लिहून दिलं." या उत्तराला पुरावा नाही, हे मी तिला सांगितले. पण माझ्या वहीत ते मी लिहून ठेवले आहे.

आता माझ्या स्वतःच्या विषयाकडे येते. शके १५०६ मध्ये पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आमचा लेख शके १५११ चा. पाच वर्षांचे अंतर. लेख कोरला गेला तेव्हा नाथ हयात होते. ज्यांनी 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड रचले, तेच हे नाथ. ते भारूड मी वर्षानुवर्षे शिकवते: दोघे कडाडून भांडतात, एकमेकांच्या देवाधर्माची उणीदुणी काढतात आणि शेवटी समेटाला येतात. नाथांनी हे लोकांच्या मराठीत, खणखणीत आवाजात केले. बऱ्हाणपूरच्या राजाने पंडितांच्या संस्कृतात, दबक्या आवाजात केले. पण प्रश्न दोघांपुढे एकच होता: शेजाऱ्याला कळेल अशा शब्दांत आपला ईश्वर सांगता येईल का? मी तो प्रश्न भारुडात पाहत होते आणि घराजवळच्या भिंतीवर पाहत नव्हते.

लेखाचे नुसते कौतुक करून थांबणेही बरोबर नाही. कोरीव लेख राजाच्या बाजूनेच बोलतो. याच लेखात प्रार्थना आहे की आकाशात चंद्र-सूर्य-तारे आहेत तोवर फारुकी वंश नांदो. प्रत्यक्षात राजा अली खान १५९७ मध्ये मोगलांच्या बाजूने गोदावरीकाठच्या लढाईत मारला गेला, आणि १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला. चंद्रसूर्याची मुदत अकरा वर्षांत संपली. त्याच मशिदीत अकबराच्या विजयाचा फारसी लेखही आहे. अरबी, संस्कृत, फारसी अशा तीन भाषा एका वास्तूत, आणि तिसरी पहिल्या दोघींच्या धन्याचा पराभव सांगणारी. हेही मुलांनी वाचले. दगड खरे बोलतो असे मी त्यांना शिकवले नाही. दगड काय बोलतो ते आधी वाचा, मग तपासा, मग मत द्या, एवढेच शिकवले.

तो मुलगा आता बी.एड. करतो आहे. परतताना त्याने मला विचारले होते, "मॅडम, हे आम्हाला आधी का नाही सांगितलं?" या प्रश्नाला मी टाळले नाही. म्हटले, "कारण मी वाचलं नव्हतं."

अकादमीच्या या व्यासपीठावरून माझी एकच विनंती आहे. मध्य प्रदेशात आपण मराठी माणसे ज्या ज्या गावांत शिकवतो, त्या प्रत्येक गावात एखादी भिंत, एखादी समाधी, एखादी बारव अशी आहे जिच्यावर अक्षरे आहेत. कधी मोडीत, कधी फारसीत, कधी देवनागरीत. आपल्या गावातले एक तरी अक्षर आपण विद्यार्थ्यांना उभे राहून वाचायला लावावे आणि त्यांच्या वहीत उतरवून घ्यावे. येणाऱ्या वर्षांत मुले आपल्याला असे प्रश्न विचारणारच आहेत. 'तो आपला विषय नाही' हे उत्तर मी देऊन पाहिले आहे. ते महागात पडते.

बऱ्हाणपूरला या. नमाजाची वेळ टाळून मी स्वतः आपल्याला आत घेऊन जाईन. वही मात्र आपली आणा.