सुप्रीम कोर्टातली रिकामी खुर्ची



बचत गटाची अध्यक्ष आपण बैठकीत निवडतो. पण सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश कोण निवडतं? तिथं सरन्यायाधीश धरून ३४ जागा आहेत. वयाची ६५ वर्षं झाली की न्यायाधीश निवृत्त होतात, खुर्ची रिकामी होते. मग सरन्यायाधीश आणि चार सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश बसून नवं नाव सुचवतात. या मंडळाला ‘कॉलेजियम’ म्हणतात. नाव सरकारकडे जातं आणि नेमणूक राष्ट्रपती करतात.

आपला काय संबंध, म्हणाल. वडील २००५ आधी वारले असले, तरी वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतकाच हक्क, हे याच कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं.

हे कोर्ट १९५० साली सुरू झालं. तिथं पहिली बाई, फातिमा बीवी, पोचल्या १९८९ मध्ये. पुढं १९९४ मध्ये मुंबईच्या सुजाता मनोहर तिथं गेल्या.

या नेमणुकीत आपलं मत विचारत नाहीत. पण हायकोर्टात दहा वर्षं वकिली केलेल्या बाईचंही नाव सुचवता येतं. म्हणून लेक म्हणाली, “मला वकील व्हायचंय,” तर नको म्हणू नका.