कडुनिंबावरील बिऱ्हाडकरू

(नभोवाणीवरील भाषण)



नवरात्राचे दिवस आले, पाऊस उघडला आणि पहांटेच्या हवेंत थोडासा गारवा जाणवूं लागला, कीं आमच्या शुक्रवार पेठेंतील कडुनिंबांवरून एक बारीक आवाज ऐकूं येऊं लागतो. ‘चि-वी’, ‘चि-वी’ असा तो दोन स्वरांचा, तुटक आणि कांहींसा तीक्ष्ण आवाज असतो. रस्त्यावरील वाहनांच्या कोलाहलांत तो सहज बुडून जातो. आणि ज्याच्या कानीं पडतो तोही ‘असेल एखादी चिमणी’ असें म्हणून पुढें जातो. मीही आयुष्याचीं पुष्कळ वर्षें तसाच पुढें गेलों. परंतु हा आवाज काढणारा पक्षी कोठून आला आहे, आणि आपल्या दारच्या झाडावर तो काय करीत आहे, हें कळल्यापासून मला त्या आवाजापाशीं थबकल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. त्या पक्ष्याचीच ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

सोलापूरला पक्ष्यांचें कौतुक नाहीं असें नव्हे. नान्नजचें माळढोक अभयारण्य १९७९ सालीं घोषित झालें. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेव्हां ते पाहावयास लोक दुरून येतात. आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध करून ज्यांनीं पक्ष्यांचीं नांवें मराठी वाचकाच्या हातीं दिलीं, ते कै. मारुती चितमपल्ली १९३२ सालीं याच शहरांत जन्मले. तथापि मोठ्या पक्ष्याकडे डोळा आपण होऊन जातो. लहानाकडे तो मुद्दाम न्यावा लागतो.

आपला हा पक्षी चिमणीहूनही बराच लहान आहे. लांबी सुमारें दहा सेंटिमीटर. वजन आठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दहा रुपयांच्या एका नाण्याएवढें. जुन्या मापानें तो पाऊण तोळाही भरणार नाहीं. पाठ राखट हिरवी, पोट मळकट पांढरें, डोळ्यावरून गेलेली फिकट पिवळसर भुंवई आणि पंखावर एक नाजूक फिकट रेघ. नर व मादी दिसावयास सारखींच. एका जागीं स्थिर राहणें हें त्याच्या स्वभावांतच नाहीं. मागावरील धोटा जसा या कांठाकडून त्या कांठाकडे धांवतो, तसा हा डहाळीवरून डहाळीवर सारखा धांवत असतो. पानाच्या उलट्या बाजूस चिकटलेल्या अळ्या, बारीक किडे आणि कोळी हें त्याचें अन्न. एखादे वेळीं हवेंत जागच्या जागीं फडफडत राहून तो पानाखालचा किडा अचूक टिपतो.

मराठींत याला हिरवट पर्णवटवट्या म्हणतात. ‘वटवट्या’ हें नांव त्याच्या जातभाईंच्या बडबडीवरून पडलें, आणि पानांत राहतो म्हणून ‘पर्ण’. त्याचें शास्त्रीय नांव फायलोस्कोपस ट्रोकिलॉइडिस असें आहे. त्यांतील पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पानें न्याहाळणारा’ असा होतो. सुंडेवाल नांवाच्या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञानें १८३७ सालीं या पक्ष्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, तें कलकत्त्याहून मिळालेल्या नमुन्यावरून. म्हणजे याचें जन्मस्थान उत्तरेकडील रानांत असलें, तरी शास्त्राला त्याची पहिली ओळख झाली ती आपल्याकडील मुक्कामांतच.

आतां त्याच्या जन्मस्थानाकडे वळूं. एप्रिल सरतां सरतां, अक्षय्यतृतीयेच्या मागेंपुढें, एके दिवशीं आमचा कडुनिंब मुका होतो. रात्रींच्या अंधारांत पक्ष्यानें प्रस्थान ठेवलेलें असतें. असे लहान प्रवासी पक्षी बहुधा रात्रींच उडतात. आकाशांतील तारे आणि पृथ्वीचें चुंबकत्व हे त्यांचे वाटाडे आहेत, असें शास्त्रज्ञांच्या प्रयोगांवरून दिसून आलें आहे. या जातीचे कांहीं पक्षी हिमालयांत जातात, कांहीं त्याच्याही पलीकडे मध्य आशियांत व सैबेरियांत, आणि कांहीं तर थेट फिनलंडपर्यंत पोहोंचतात. युरोपांतील बहुतेक लहान प्रवासी पक्षी हिवाळ्यासाठीं आफ्रिकेची वाट धरतात. हा मात्र तेथूनही पूर्वेकडे वळून आपल्याकडे येतो. हिमालयाचेंच उदाहरण घेतलें, तर सोलापुराहून मनालीचें अंतर सरळ रेषेंत सुमारें सोळाशे किलोमीटर आहे. पाऊण तोळ्याचा जीव हें अंतर वर्षांतून दोनदां काटतो.

तेथें त्याचें घर असतें सूचिपर्णी वृक्षांच्या रानांत. सूचिपर्णी म्हणजे ज्यांचीं पानें सुईसारखीं असतात असे वृक्ष: देवदार, फर, स्प्रूस वगैरे. वरच्या अंगाला, जेथें झाडांची सीमा संपत येते तेथें, त्यांत भूर्जवृक्षही मिसळलेले असतात. रघुवंशाचा दुसरा सर्ग ज्यांनीं शाळेंत वाचला असेल, त्यांना देवदार निश्चित आठवेल. शंकरानें त्या वृक्षाला पुत्र मानलें होतें. एका रानटी हत्तीनें अंग घासून त्याची साल सोलली, तेव्हां पार्वतीला आपल्या पोटच्या मुलाला जखम झाल्यासारखें दुःख झालें. म्हणून शंकरानें तेथें राखणीस सिंह ठेविला. हा भाग वर्गांत शिकवितांना मला तो कवीचा अलंकार वाटे. त्याची आठवण मला पुढें वेगळ्या रीतीनें झाली, तें मी शेवटीं सांगेन.

वृक्ष एवढे उंच. पण हा पक्षी घरटें बांधतो तें मात्र जमिनीवर! उताराच्या दरडींत, मुळांच्या बेचक्यांत किंवा शेवाळलेल्या खळग्यांत मादी एकटीच शेवाळ आणि सुकें गवत आणून घुमटाच्या आकाराचें घरटें रचते. त्याला बाजूनें दार असतें. त्यांत ती चार-पांच पांढरीं शुभ्र अंडीं घालते, आणि बारा-तेरा दिवस तीच तीं उबविते. पिलें बाहेर पडल्यावर त्यांना भरविण्याचें काम मात्र दोघें मिळून करतात. या काळांत नर उंच शेंड्यावर बसून गात असतो. ‘हें रान माझें आहे, आणि मी येथें आहें,’ एवढेंच त्या गाण्याचें तात्पर्य.

या गाण्यावरून एक मोठी मनोरंजक गोष्ट निघाली आहे. तिबेटचें पठार उंच व वृक्षहीन. परंतु त्याच्या भोंवतीं वनांचें एक प्रचंड कडें आहे, आणि त्या कड्यावर या पक्ष्याचीं कुळें राहतात. १९३८ सालीं क्लॉड टायसहर्स्ट या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें असें मत मांडलें कीं, मूळ कूळ दक्षिणेस हिमालयाच्या बाजूचें असावें. त्याची एक शाखा पठाराच्या पश्चिमेनें व दुसरी पूर्वेनें उत्तरेकडे पसरत गेली, आणि अखेर सैबेरियांत तीं दोन टोंकें समोरासमोर आलीं. वाटेंत शेजाऱ्याशेजाऱ्यांत सोयरीक होत आली. पण टोंकाचे दोघे भेटले, तेव्हां ते एकमेकांना परके झाले होते! २००१ सालीं डॅरेन अर्विन व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, उत्तरेकडे जावें तसें या पक्ष्यांचें गाणें लांब व गुंतागुंतीचें होत जातें, परंतु पश्चिमेकडे एका रीतीनें आणि पूर्वेकडे दुसऱ्या. त्यामुळें सैबेरियांतील एका टोंकाचा नर दुसऱ्या टोंकाच्या नराचें गाणें ओळखीतच नाहीं. २०१४ सालच्या आनुवंशिक तपासणींत असें आढळलें कीं, हें कडें पूर्वीं एकाहून अधिक ठिकाणीं तुटलें होतें, आणि त्या दोन टोंकांमध्येंही क्वचित् संकर झालेला आहे. तेव्हां गोष्ट पहिल्यानें वाटली तितकी सरळ नाहीं. तथापि एका जातीच्या दोन जाती होतात कशा, हें जणूं नकाशावर मांडून दाखविणारीं उदाहरणें सृष्टींत फार थोडीं आहेत. आणि त्यांतील एक आपल्या दारांत ‘चि-वी’ करीत असतें.

आतां आपण ज्याला त्याचें ‘घर’ म्हटलें, तेथें तो राहतो तरी किती दिवस? जेमतेम तीन-चार महिने. कांहीं दिवस प्रवासांत जातात, आणि उरलेले सहा-सात महिने तो दक्षिणेंत काढतो. मग त्याला सोलापूरचा पाहुणा म्हणावें, कीं रहिवासी?

या प्रश्नाचें उत्तर मधुसूदन कट्टी व ट्रेव्हर प्राइस या दोन अभ्यासकांच्या कामावरून मिळतें. १९९० नंतरच्या दशकांत त्यांनीं तमिळनाडूंतील मुंडनतुरैच्या रानांत या पक्ष्यांचा हिवाळ्यांतील दिनक्रम तपासला. प्राइस यांनीं त्याआधीं पूर्व घाटांतही तसाच अभ्यास केला होता. त्यांतून दिसलें तें असें: हिवाळ्यांत हा पक्षी थव्यानें भटकत नाहीं. नर असो वा मादी, प्रत्येक जण आपल्यापुरता झाडांचा एक तुकडा धरून बसतो. तेथील किड्यांवर त्याचा उदरनिर्वाह. दुसरा कोणी आंत शिरला, तर त्याला हुसकून लावावयाचें. आपण ऐकतों तो ‘चि-वी’ म्हणजे या मालकीची द्वाही होय. आणि याहूनही नवल असें कीं, जगूनवांचून परतलेला पक्षी पुढील वर्षीं पुन्हां आपल्याच जुन्या जागेवर येतो.

हें वाचलें, तेव्हां मला माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट आठवली. आणि ती सांगितल्यावांचून हें भाषण पुरें करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आमच्या अंगणांत एक जुना कडुनिंब आहे. फाल्गुनांत त्याची पानगळ झाली कीं छपराच्या पन्हळी तुंबतात. सात-आठ वर्षांपूर्वीं या त्रासाला कंटाळून मीं आश्विनांतच तो छाटून घेण्याचें ठरविलें. आदल्याच हिवाळ्यांत एका जुन्या विद्यार्थ्यानें त्या झाडावर हा पक्षी मला दाखविला होता. तरी मला तेव्हां त्याची आठवण झाली नाहीं. लांकूडतोड्या वर चढण्यापूर्वीं मला म्हणाला, “मास्तर, काळजी करूं नका. चार महिन्यांत पुन्हा फुटतंय बघा.” झाडाच्या बाबतींत त्याचें म्हणणें खरें ठरलें. संध्याकाळपर्यंत एकही हिरवी फांदी उरली नाहीं.

चौथ्या दिवशीं सकाळीं बोडक्या खोडावरून ‘चि-वी’ ऐकूं आलें. पांखरूं नुकतेंच प्रवासाहून आलेलें असावें. तें या खुंटावरून त्या खुंटावर उडत होतें. मग तें शेजारच्या वाड्यांतील कडुनिंबावर गेलें. तेथें पूर्वींचा एक धनी होता. त्यानें त्याला पिटाळलें. तें परत आमच्या खोडावर आलें, पुन्हां तिकडे गेलें, पुन्हां पिटाळलें गेलें. दोन दिवस हें चाललें होतें. तिसऱ्या दिवसापासून आळींत एकच आवाज उरला.

तें पांखरूं पूर्वींचेंच होतें, हें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. त्याच्या पायांत कांहीं खूण नव्हती. पण मला आतां असें वाटतें कीं, हजारों डोंगर आणि नद्या ओलांडून तें आपल्या घरीं आलें, आणि मीं त्याचें घर पन्हळीसाठीं मोडून ठेविलें होतें.

कोणी म्हणेल, ही जात दुर्मिळ नाहीं. तिच्या नाशाची भीति नाहीं. मग एका पांखराचें एवढें काय? म्हणणें खरें आहे. परंतु ज्याचें तें एक होतें, त्याच्यापुरतें तर सर्वच गेलें. शिवाय, जेथें चांगलें झाड तेथें धनी आधींच बसलेला असतो. उठवून लाविलेल्याला दुसरी जागा मिळेलच असें नाहीं. सोलापूरसारख्या अवर्षणाच्या मुलखांत हिरवें झाड आधींच मोजकें. गांवांतील बिऱ्हाडकरूला घर सोडावयास सांगतांना आपण निदान मुदत तरी देतों!

म्हणून माझी विनंति फार मोठी नाहीं. झाड छाटणें प्राप्तच असेल, तर तें एकदम बोडकें करूं नये; एका वर्षीं एक बाजू, दुसऱ्या वर्षीं दुसरी, असें करावें. आणि कार्तिकांतल्या एखाद्या सकाळीं सात-साडेसातच्या सुमारास जवळच्या कडुनिंबाखालीं पांच मिनिटें उभें राहून कान द्यावा. मुलांना बरोबर न्यावें. आधीं आवाज ऐकूं येईल, मग पान हललेलें दिसेल, आणि मग तें पान नसून पक्षी आहे हें कळेल.

आमचा कडुनिंब तिसऱ्या वर्षीं पुन्हां दाट झाला, आणि तेव्हांपासून दर नवरात्रांत त्यावर एक बिऱ्हाडकरू येऊन राहतो. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघतात, तेव्हांही त्याची द्वाही चालूच असते. अशा वेळीं मला रघुवंशांतील तो देवदार आठवतो. वरच्या देवदाराला शंकरानें सिंहाची राखण दिली. खालच्या कडुनिंबाची राखण आपल्याकडे आहे.