तांबड्या महालाची कथा पडद्यावर

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईकडे येणाऱ्या लोहमार्गावर सचिन हे स्थानक लागते. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका वारसाला, जंजिऱ्यावरील हक्काच्या बदल्यात, पेशव्यांशी झालेल्या करारान्वये १७९१ साली हा मुलूख मिळाला आणि तेथे एक छोटेसे संस्थान उभे राहिले. त्याच साली चीनमध्ये त्साओ श्वेचिन याची ‘तांबड्या महालातील स्वप्न’ ही कादंबरी १२० प्रकरणांनिशी प्रथम छापली गेली. हा निव्वळ योगायोग होय. परंतु जुन्या प्रेमकथा पडद्यावर आणण्याचा विषय निघाला की दोन्ही नावे पुन्हा शेजारी येतात.

सचिनच्या नबाबांशी जिचे नाव जोडले जाते ती फातमा बेगम ही हिंदी चित्रसृष्टीतील पहिली दिग्दर्शिका. तिने १९२८ साली ‘हीर रांझा’ हा मूकपट काढला. तिची कन्या झुबेदा पुढे १९३१ साली ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाची नायिका झाली; नायक होता आपला मास्टर विठ्ठल. इकडे हीर पडद्यावर येण्याच्या आदल्याच वर्षी, १९२७ साली, शांघायमध्ये ‘तांबड्या महाला’चा मूकपट निघाला होता. त्यातील पात्रांच्या अंगावर त्या काळचा अगदी नवा पोशाख होता! अभिजात कथेला आजची वस्त्रे चढविण्याचा मोह चित्रपटाइतकाच जुना आहे.

वस्त्रे बदलणे सोपे. नाती बदलणे कठीण. पोरकी झालेली लिन दाइयू आजोळी येते. तेथला लाडका नातू बाओयू हा तिचा मामेभाऊ. दोघांचे मन जुळते. घरची मंडळी मात्र बाओयूसाठी त्याची मावसबहीण बाओचाय निवडतात. आता हे मराठीत आणून पाहा. आपल्याकडे मुलाने मामाची मुलगी करावी, ही रीत अनेक समाजांत आहे. आत्याची मुलगी सहसा करीत नाहीत, आणि मावसबहीण म्हणजे तर सख्ख्या बहिणीसारखीच. प्रेक्षक पहिल्याच प्रवेशात अडखळेल. तेव्हा रूपांतरकाराने दाइयूला मामाची मुलगी करावे व बाओचायला नात्याबाहेर काढावे, हे उत्तम.

याहून मोठी अडचण लग्नाची. आजारी, भ्रमिष्ट बाओयूला वधू दाइयूच असल्याचे सांगतात. मुखावरील पदर दूर होतो तो बाओचाय समोर! त्याच सुमारास दाइयू प्राण सोडते. आज प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी असताना ही फसवणूक टिकेल कशी? एका निरोपासरशी सारे उघड होईल. म्हणून पदराच्या मागे काय दडले आहे, ते शोधले पाहिजे. जियांचे घर आतून पोखरले आहे. बाओचाय धनिक व्यापाऱ्याच्या घरची, शांत, निरोगी. आजीला नातवाच्या सुखाची काळजी आहे, हेही खोटे नाही. तिला दुष्ट रंगविणारा पटकथाकार कादंबरी न वाचताच लिहावयास बसला, असे म्हणावे लागेल.

सुरत, उधना, सचिन या पट्ट्यात खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे आज नांदत आहेत. अशाच एखाद्या यंत्रमागवाल्याच्या घरी ही कथा नेता येईल. आईबापांविना वाढलेली भाची, नव्हे, वर ठरविल्याप्रमाणे भावाची मुलगी, नंदुरबारहून आत्याच्या घरी येते. सुताच्या व्यापाऱ्याची उधारी थकलेली आहे आणि त्या व्यापाऱ्याला एक मुलगी आहे. येथे कोणी कोणाला फसविण्याची गरजच उरत नाही. सर्वांना सर्व ठाऊक असते. बोलत मात्र कोणी नाही. मुलगाही बोलत नाही, कारण कामगारांचा पगार शनिवारी द्यावयाचा आहे.

हिंदीत १९१७ च्या ‘देवदास’ला २००९ साली ‘देव डी’ने आजच्या पंजाबात व दिल्लीत नेले आणि पारोला स्वतःचे मत दिले. दाइयूलाही तसे द्यावे काय? मूळ कथेत ती आपल्या कविता जाळते. नव्या चित्रपटात तिने त्या जाळू नयेत; नंदुरबारची परतीची गाडी पकडताना त्या वहीसकट बरोबर न्याव्यात. शेवट बदलेल खरा. पण बाओयूच्या वाट्याला येणारे रिकामे घर तेवढेच रिकामे राहील.